अंगणातल्या पुस्तकपेटीला सिटीची नोटीस: काढावी, सरकवावी की भांडावं?

सई_मिडवेस्ट

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत राहणाऱ्यांचा सल्ला हवा आहे, बाकीच्यांनीही जरूर लिहा.

आमच्या घरापुढे फुटपाथलगत मी आणि लेकीने लिटल फ्री लायब्ररी, म्हणजे कुणीही फुकट पुस्तक न्यावं किंवा ठेवावं अशी पेटी, उभी केली आहे. सीडरच्या फळ्यांची पेटी, आत दोन कप्पे, पुढे प्लेक्सिग्लासचं दार, वर घराच्या छपराचे उरलेले शिंगल्स. वरच्या कप्प्यात मोठ्यांची इंग्रजी पुस्तकं, खालच्यात मुलांची चित्रांची, आणि एका कडेला मराठी. मराठी इथे कोण नेणार, असं घरात सगळेच म्हणत होते. पलीकडच्या गल्लीतल्या एक गुजराती आजी नातवाची बाबागाडी ढकलत येतात, देवनागरी वाचता येते म्हणून त्यांनी एक कथासंग्रह नेला आणि वाचून परत आणून ठेवला. आता त्या पुढचं कधी येणार म्हणून विचारतात.

गेल्या आठवड्यात सिटीच्या (इथल्या नगरपालिकेच्या) कोड एन्फोर्समेंटचं, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्याचं, पत्र आलं. ‘पुढच्या आवारात परवानगीशिवाय उभारलेलं पूरक बांधकाम’, १४ दिवसांत काढा, नाहीतर दंड. पूरक बांधकामाच्या व्याख्येत शेड, गॅझिबो, ग्रीनहाऊस अशी यादी आहे. माझी पेटी एका खांबावर आहे आणि तिची रुंदी दोन फूटही नाही. बागेतल्या शेडसाठी केलेला नियम पुस्तकांच्या पेटीला लावणं मला मुळातच पटत नाही.

काढून टाकू? मागे सरकवली तर चालेल? की सिटी कौन्सिलपुढे जाऊ? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

---

केदार७

अजिबात काढू नका!

कॅन्सस राज्यातल्या लेवूडमध्ये २०१४ च्या जूनमध्ये हुबेहूब हेच झालं होतं. नऊ वर्षांच्या एका मुलाच्या घरापुढे अशी पेटी होती, आईला मातृदिनाची भेट म्हणून केलेली. पुढच्या आवारात घरापासून सुटं बांधकाम चालत नाही म्हणून सिटीने ती हटवायला सांगितली. मुलाने पेटी तात्पुरती काढली, पण गप्प बसला नाही. बातमी देशभर गेली आणि तो स्वतः कौन्सिलपुढे बोलला. ७ जुलैला कौन्सिलने अशा पेट्यांपुरती त्या नियमाला ऑक्टोबरपर्यंत स्थगिती दिली. नऊ वर्षांचं पोर उभं राहू शकतं तर तुम्ही का नाही?

---

पानगळ

+१ केदार. पेटीचा फोटो टाका ना सई.

---

रानपाखरू

मला राग येतोय तो तक्रार करणाऱ्याचा. सिटीचा माणूस आपणहून पेट्या मोजत फिरत नाही, कुणीतरी शेजाऱ्याने फोन केलेला असणार. समोर येऊन ‘मला याचा त्रास होतो’ म्हणायची हिंमत नाही आणि निनावी फॉर्म भरायचा! आमच्या गल्लीत असंच एकाने लेमोनेड विकणाऱ्या पोरांवर फोन केला होता. हा कसला शेजार?

---

नकाशेवाला

सईताई, मी एका काउंटीच्या प्लॅनिंग खात्यात बरीच वर्षं काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुठलाही निर्णय घेण्याआधी एका गोष्टीचं उत्तर मिळवा: पेटी नेमकी कुणाच्या जमिनीवर आहे?

इथे बहुतेकांना वाटतं की आपलं लॉन रस्त्याच्या कडेपर्यंत आपलंच. ते गवत आपण कापतो, त्याला पाणी आपण घालतो, पण फुटपाथ आणि रस्त्याच्या मधली पट्टी बहुतेक ठिकाणी सार्वजनिक राइट ऑफ वे, म्हणजे रस्त्यासाठी राखलेली जागा, असते. कित्येकदा फुटपाथच्या आतला फूट-दोन फूट भागही त्यातच येतो. घर घेताना मिळालेला प्लॅट (जमिनीच्या हद्दींचा नकाशा) काढा, नाहीतर काउंटीच्या साइटवर नकाशा मिळेल. पेटी त्या पट्टीत असेल तर प्रश्न वेगळा: ती सरकारी जागेतली अडचण ठरते. तुमच्या हद्दीत असेल तर प्रश्न सेटबॅकचा (हद्दीपासून किती अंतर सोडायचं त्याचा) आणि ‘बांधकाम’ या व्याख्येचा. दोन्हींची उत्तरं वेगळी, टेबलंही वेगळी.

दुसरं, पत्रात कलमाचा क्रमांक असेल. ते कलम सिटीच्या कोडमध्ये शोधा आणि त्याच प्रकरणातली ‘व्याख्या’ आणि ‘अपवाद’ ही पानं वाचा. टपालपेटी, झेंड्याचा खांब, बास्केटबॉलचा हूप यांना बहुतेक कोड सूट देतात. तुमचा मुद्दा तिथेच उभा राहतो. घरापुढे दहा फुटी हूप चालतो तर पाच फुटी पेटी का नाही?

तिसरं, इन्स्पेक्टरला फोन करा. खरंच करा. रानपाखरू म्हणतात ते बरोबर आहे, ही व्यवस्था तक्रारीवरच चालते. पण एकदा तक्रार नोंदली गेली की त्या माणसाला फाइल उघडावीच लागते, तो मनाने ती बंद करू शकत नाही. मुदतवाढ द्यायचा अधिकार मात्र त्याला बहुतेक वेळा असतो. मागा, आणि मिळाली की ईमेलवर लेखी घ्या.

आणि सरकवायची ठरली तर खड्डा घेण्याआधी ८११ ला फोन करा. फुकट आहे, गॅस आणि केबलच्या लायनी येऊन रंगाने आखून देतात.

---

दक्षिणमुखी

इथे सगळे एका सुरात बोलत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. माझे वडील वॉकर घेऊन चालतात. आमच्या कोपऱ्यावरच्या घराने अशीच पेटी फुटपाथच्या कडेला लावली आहे. तिचं दार बाहेर उघडतं. संध्याकाळी आई-मुलं तिथे घोळका करून उभी असतात, खाली सायकली आडव्या पडलेल्या असतात. बाबांना दर वेळी गवतात उतरावं लागतं. मी दोनदा जाऊन गोड शब्दांत सांगितलं. ‘हो हो’ म्हणाले, फरक काही पडला नाही. मग मी तक्रार केली, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पुस्तकं चांगली गोष्ट आहे म्हणून नियम लागू नये, हे मला मान्य नाही. चांगलं काय आणि वाईट काय हे सिटीने ठरवायला लागलं तर उद्या ते आणखी महागात पडेल.

---

रानपाखरू

@दक्षिणमुखी, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही आधी जाऊन बोललात, मग तक्रार केलीत. त्याला माझा आक्षेप नाही. माझा राग न बोलता फोन करणाऱ्यांवर आहे आणि तो तसाच राहील.

---

माळीणबाई

पेटीला चाकं लावा आणि गणपतीच्या रथासारखी सजवा. चालत्या रथाला कुठलं सेटबॅक! 😄

---

नकाशेवाला

माळीणबाई 😄 चाकं लावलीत तर ट्रेलरचं कलम लागेल, ते याहून कडक असतं.

दक्षिणमुखींचा मुद्दा अगदी नेमका आहे. सरसकट सूट कुठलंही शहाणं कौन्सिल देत नाही, आणि देऊही नये. बदल करणाऱ्या गावांच्या नियमांत साधारण याच गोष्टी असतात: एका प्लॉटवर एकच पेटी, उंची-रुंदीची मर्यादा, फुटपाथपासून अमुक इतकं अंतर, दार उघडल्यावरही ते अंतर शिल्लक राहिलं पाहिजे, आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला ‘साइट ट्रँगल’ मोकळा. गाडी वळवणाऱ्याला येणारं मूल दिसावं म्हणून चौकाच्या कोपऱ्यात जो त्रिकोण रिकामा ठेवतात, तो हा. त्यात मी माझ्या सख्ख्या भावालाही पेटी लावू देणार नाही.

---

थेम्सकाठी

आमच्याकडे इंग्लंडात याची गंमत वेगळी आहे. इथे बांधकाम आधीपासूनच उभं असतं, ते म्हणजे लाल टेलिफोन बूथ! बीटी या टेलिफोन कंपनीने २००८ पासून वापरात नसलेले बूथ गावांना एका पौंडात दत्तक द्यायला सुरुवात केली. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप या खेड्याने २००९ मध्ये आपल्या बूथमध्ये फळ्या ठोकून वाचनालय केलं. गावात येणारी फिरती लायब्ररी बंद झाली होती. आता असे बूथ ठिकठिकाणी दिसतात. मात्र त्यातले बरेच बूथ संरक्षित वारसा यादीत आहेत, त्यामुळे बाहेरून मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मला तो नियम आवडतो. तो नसता तर अर्धे बूथ एव्हाना भंगारात गेले असते.

---

सातारकर

धागा वाचून भिलारची आठवण आली. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव, मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. तिथे पुस्तकं लोकांच्या घरांत, लॉजमध्ये, देवळात आहेत. कुणीही जाऊन बसावं, वाचावं. सरकारच पुढे होतं म्हणून नोटिशीचा प्रश्न आला नाही. अमेरिकेत लोक आपणहून करतात आणि सरकार नोटीस धाडतं, असं म्हणायचं का?

---

केदार७

@सातारकर तसं सरसकट नाही म्हणता येणार. ही चळवळ सुरू झाली विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात. टॉड बोल यांनी २००९ मध्ये आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीत एकखोली शाळेसारखी दिसणारी पेटी केली आणि अंगणात खांबावर लावली. मग विस्कॉन्सिन विद्यापीठातले रिक ब्रुक्स त्यांना येऊन मिळाले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने अडीच हजारांवर वाचनालयांना पैसा दिला होता, तो आकडा ओलांडायचा एवढंच त्यांचं पहिलं ध्येय. बोल २०१८ मध्ये गेले तेव्हा पेट्या हजारोंनी झाल्या होत्या, आता नोंदवलेल्याच दोन लाखांवर आहेत. त्यातल्या फार थोड्यांना नोटीस येते. पण त्याच विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीजवळच्या व्हाइटफिश बे गावाने चर्चपुढच्या पेटीला आधी नकारच दिला होता, पुढे नियम बदलला.

श्रीव्हपोर्ट, लुइझियाना, जानेवारी २०१५: तिथे पेच असा की कोडमध्ये ‘लायब्ररी’ फक्त व्यापारी भागात चालत होती, राहत्या वस्तीत नाही. म्हणजे अंगणातली पेटी आणि शहराचं मोठं ग्रंथालय एकाच शब्दात बसवली! लोकांनी निषेध म्हणून आपापल्या घरांपुढे पुस्तकं मांडली. शेवटी कौन्सिलला तात्पुरती परवानगी द्यावी लागली.

---

कोथरूडची_मंजू

आमच्या पुण्याच्या सोसायटीत हाच तमाशा झाला, फक्त कोड नव्हता, उपविधी होते. तळमजल्यावर जिन्याखाली आम्ही बायकांनी एक जुनं लोखंडी कपाट ठेवलं, ‘घ्या, वाचा, परत ठेवा’ अशी पाटी लावून. दिवाळी अंक तर हातोहात जायचे. एका सभासदाने लेखी हरकत घेतली की जिन्याखालची जागा सामाईक आहे, आणि आग लागली तर वाट अडेल. चिडचिड झाली, पण आगीचा मुद्दा खरा होता. जुनी इमारत, एकच जिना. मग वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय घेतला, ठराव केला आणि कपाट वॉचमनच्या खोलीशेजारी गेलं. तिथे ते जास्त चाललं! संध्याकाळी वॉचमनचा मुलगा आठवीची गाईडं तिथूनच घेऊन अभ्यासाला बसायचा. ठराव असल्यामुळे कमिटी बदलली तरी कुणी कपाटाला हात लावला नाही. सई, तोंडी परवानगीवर राहू नकोस, इतकंच सांगते.

---

नाशिकची_पोर

पेटीचा विषय निघाला आणि नाशिकचं नाव नाही असं कसं! कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ पासूनच, म्हणजे हडसनच्या पेटीच्याच वर्षी सुरू झाली. विनायक रानडे यांची कल्पना. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, घरोघर फिरते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. परदेशातही पेट्या गेल्या आहेत. पेटी घरात असल्याने जमिनीचा प्रश्नच येत नाही. सई, तुझ्या खालच्या कप्प्यातली मराठी पुस्तकं अशीही फिरवता येतील.

---

सई_मिडवेस्ट

@नाशिकची_पोर, कल्पना छान आहे, मराठी मंडळात नक्की मांडते. पण त्या गुजराती आजी मंडळाच्या सभासद नाहीत ना. रस्त्यावरच्या पेटीचं मोल तेच आहे, तिथे ओळख लागत नाही.

---

टेक्सासचा_जावई

सगळे सिटीबद्दल बोलताय, एचओए (वस्तीतल्या घरमालकांची संघटना) विसरू नका. सिटीचा कोड हा कायदा, एचओएचे नियम हा घर घेताना आपण सही केलेला करार. सिटीने परवानगी दिली तरी एचओए ‘नाही’ म्हणू शकते. आमच्याकडे आर्किटेक्चरल कमिटीकडे अर्ज करावा लागला: रेखाचित्र, रंगाचा नमुना, खांबाची खोली. रंग घराच्या ट्रिमशी जुळला पाहिजे म्हणाले, तर बायकोने लावलेला जांभळा जाऊन फिकट बदामी आला. चालतं. पेटी उभी आहे, ते महत्त्वाचं.

---

पानगळ

थोडं अवांतर: अशा पेट्यांत धान्य, डबाबंद अन्न ठेवणारी ‘लिटल फ्री पँट्री’ पण आहे ना? आर्कान्सातल्या फेएटव्हिलमध्ये २०१६ ला सुरू झालेली. २०२० च्या साथीत आमच्या भागातल्या कित्येक पुस्तकपेट्यांत पास्ता आणि टॉयलेट पेपर दिसायला लागले होते. माझ्या ओळखीची एक नर्स रात्रपाळीहून येताना रोज एक सूपचा डबा ठेवून जायची. त्याला पण नोटिसा येतात का?

---

नकाशेवाला

येतात. शिवाय अन्न आलं की आरोग्य खातं पण येतं. सईताईंनी सध्या पेटीत पुस्तकंच ठेवावीत, दोन खात्यांशी एकदम लढू नये.

एक मुद्दा राहिला होता. कौन्सिलपुढे ‘आमची पेटी वाचनाचा प्रसार करते म्हणून सूट द्या’ एवढ्यावरच थांबू नका. सिटीचा वकील तिथे अडेल. ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाविरुद्ध एका चर्चने फलकांवरून दावा लावला होता, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मजकुरानुसार फलकांना वेगवेगळे नियम लावले तर ते घटनेच्या कठोर कसोटीवर टिकावे लागतात. तेव्हापासून मजकूर बघून भेद करायला सिट्या घाबरतात. म्हणून मागणी मापाची करा: इतक्या घनफुटांपर्यंतची, इतक्या उंचीची, खांबावरची पेटी, आत काहीही असो. मग शेजाऱ्याने उद्या बायबल ठेवलं किंवा बियाणं ठेवलं, तुम्हाला ते आवडो न आवडो, नियम तोच.

---

दक्षिणमुखी

हे मात्र पटलं. मी असा नियम झाला तर बाजूने बोलायला तयार आहे, फुटपाथच्या अंतराची अट हवी.

---

सई_मिडवेस्ट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ताजी खबर:

प्लॅट काढला. हद्द फुटपाथच्या आतल्या कडेपासून आणखी एक फूट आत आहे. खांब अर्धा राइट ऑफ वेमध्ये, अर्धा आमच्यात! म्हणजे नकाशेवाल्यांनी सांगितलेले दोन्ही प्रश्न मला लागू. इन्स्पेक्टरशी बोलले, सभ्य माणूस आहे. मुदत वाढवून दिली, ईमेलवर घेतली. राइट ऑफ वेमधून मागे घेतलं तर ती बाजू मिटते, पण ‘पुढच्या आवारातलं बांधकाम’ हा मुद्दा राहतोच, त्याला व्हेरिअन्स (एका प्लॉटपुरती नियमातून सूट) किंवा नियमबदल. व्हेरिअन्सच्या अर्जाची फी पेटीच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त आहे.

कलम नीट वाचलं. टपालपेटी, हूप आणि पक्ष्यांचं घरटं लावायच्या खांबाला सूट आहे. पक्ष्यांचं घर चालतं आणि पुस्तकांचं नाही! आमच्या वॉर्डच्या कौन्सिल सदस्याला लिहिलं. ती म्हणाली गावात अशा आणखी पेट्या आहेत, तक्रार फक्त माझ्यावर आली, पण नियम सगळ्यांनाच लागतो. पुढच्या बैठकीत बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतील. काय बोलू? लेकीलाही बोलायचं आहे.

---

केदार७

लेकीलाच बोलू द्या. 

---

कोथरूडची_मंजू

आजींना घेऊन जा गं. त्या गुजरातीत बोलल्या तरी चालतील.

---

दक्षिणमुखी

नवीन जागी दार फुटपाथच्या बाजूला उघडू नका, लॉनच्या बाजूला उघडा. समोर दोन फरशा टाका, म्हणजे लोक तिथे उभे राहतील. त्याचा फोटो कौन्सिलला दाखवा. माझ्यासारखी बाई तिथे बसली असेल तर तिचा विरोध मावळेल.

---

रानपाखरू

आणि गावातल्या बाकी पेट्यांच्या मालकांना शोधून काढा. एकट्या घराचं गाऱ्हाणं कौन्सिल ऐकून घेतं आणि पुढच्या विषयाला जातं. सहा घरं एकत्र उभी राहिली की तसं करता येत नाही.

---

नकाशेवाला

दक्षिणमुखींची फरशीची सूचना उत्तम आहे, तशीच करा.

तीन मिनिटांत तीनच गोष्टी मागा. एक, सूट असलेल्या यादीत ‘खांबावरची लहान पेटी’ जोडावी. माप तुम्हीच लिहून न्या, कोरी मागणी नेऊ नका. दोन, तो बदल होईपर्यंत गावातल्या सध्याच्या सगळ्या पेट्यांवरची कारवाई थांबवावी, लेवूडने केलं तसं. तीन, हा विषय प्लॅनिंग कमिशनकडे पाठवायचा ठराव त्याच बैठकीत करावा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ठराव झाला नाही तर लोक टाळ्या वाजवून घरी जातात आणि विषय कुणाच्याच टेबलावर येत नाही. अर्जात ‘व्हेरिअन्स’ हा शब्द येऊ देऊ नका, ‘टेक्स्ट अमेंडमेंट’ (नियमाच्या मजकुरातच बदल) लिहा. व्हेरिअन्स फक्त तुमच्या प्लॉटपुरता असतो आणि फी तुम्हाला पडते. कौन्सिलने स्वतः आणलेल्या नियमबदलाला फी बहुधा लागत नाही, आणि तो त्या बाकीच्या पेट्यांनाही लागू होईल.

मसुदा इथे टाका, मी आज रात्री बघून देतो.